एका ओळीत बसवलेला प्रश्न

नगर जिल्हा मी आजवर पाहिला होता तो शिर्डीला जाता-येता, गाडीच्या काचेतून. म्हणजे पाहिला नव्हताच. तरी गेली दोन वर्षं त्यातले तीन तालुके रोज माझ्या हातांखालून जात होते. श्रीगोंदा, नेवासा आणि राहुरी, बोटभर लांबीच्या नळ्यांमधून. नळीवर 'श्री', 'ने' किंवा 'रा' आणि पुढे आकडा. त्या आकड्यामागे एक बाई असते हे मला अर्थातच माहीत होतं. माहीत असण्यात आणि बाईसमोर जाऊन बसण्यात किती अंतर असतं, ते चार दिवसांत कळलं.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, एचपीव्ही त्याचं नाव. तो बहुतेक बायकांना कधी ना कधी गाठतो आणि न सांगता निघूनही जातो. काहींच्या अंगात मात्र मुक्काम ठोकतो, आणि मग वर्षानुवर्षं तिथल्या पेशी हळूहळू बिघडत राहतात. दुखत नाही, खुपत नाही. आम्ही नळीत आधी त्या विषाणूचा डीएनए शोधतो. तो सापडला आणि वाईट जातीचा निघाला, तर पेशींच्या जनुकांवर काही रासायनिक खुणा उमटल्यात का ते बघतो. रोग डोळ्यांना दिसायच्या आधी या खुणा दिसू लागतात. बाईला दवाखान्यात टेबलावर झोपावं लागत नाही. घरच्या घरी आडोशाला एक मऊ ब्रश आत फिरवायचा, नळीत बुडवायचा आणि नळी गावच्या आशाताईच्या हाती द्यायची, इतकं सोपं.

एक गोष्ट मात्र आम्हाला छळत होती. या तालुक्यांतल्या पुष्कळ नळ्या 'बाद' होत होत्या. नळीबरोबर एक पानी फॉर्म येतो. त्यावर बाईचं ऑपरेशन झाल्याची खूण असायची. गर्भाशयच काढून टाकलेलं असेल तर तपासणार काय? संगणक अशा नावापुढे आपोआप 'बाद: गर्भाशय नाही' असं छापायचा आणि नळी खोल गोठवणीच्या कपाटात जायची. वयं बघावीत तर तिशी, पस्तिशी, चाळिशी. ऊसपट्ट्यात तरण्या बायकांची गर्भाशयं काढतात, हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. रॅकमागून रॅक बाद होऊ लागल्यावर माझं डोकं फिरलं. तिकडच्या डॉक्टरांच्या नावाने मी एक खरमरीत टिपण लिहायला घेतलं. आमच्या प्रमुखांनी त्याची पहिली दोन पानं वाचली आणि म्हणाले, "आधी जाऊन बघून या. मग लिहा."

श्रीगोंदा

पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, बोलण्यात नगरच आहे. आमच्या प्रकल्पाचं तिथलं काम बघणारी संगीताताई मला काष्टीला जीप घेऊन भेटली. मूळची राहुरीची, चाळिशीची, आवाज असा की माईकची गरज नाही. तीन तालुक्यांतल्या आशाताईंना तीच नळ्या वाटते आणि तीच गोळा करते. हंगाम जोरात होता. रस्त्यावर आमच्यापुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि कारखाना जवळ आला की मळीचा वास. संगीताताईला तो येतच नव्हता. "कसला वास?" असं तिने मलाच विचारलं.

अंगणवाडीत वीस-पंचवीस जणी जमल्या होत्या. नळी कशी वापरता ते दाखवा म्हटल्यावर आधी पदर तोंडावर गेले, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आमच्या सूचनेत 'नळी थंड जागी ठेवा' असं आहे. एका बाईने ती माठाखालच्या वाळूत पुरून ठेवली होती.

"फ्रिज न्हाई का घरात?" दुसरीने तिला विचारलं.

"हाय की. पर फ्रिजात दूध असतं. त्येच्याजवळ असलं कोन ठिवल? वली वाळू लई गार असती."

मी हसले. वाळूत पुरलेली नळी बिघडत नाही, हेही सांगितलं. तेवढ्यात जीपचा टायर बसल्याचा निरोप आला आणि संगीताताई ड्रायव्हरला हाका मारत बाहेर गेली. मला वाटलं, हीच वेळ आहे. या बायका तिच्यासमोर बोलणार नाहीत, माझ्यासमोर बोलतील. मी आवाज मऊ केला आणि म्हटलं, "लाजू नका, घाबरू नका. ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. दोन नव्या नवऱ्या आणि एक म्हातारी सोडून सगळे.

समोर एक पोरगेलीशी बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती, पंचविशीच्या आतबाहेरची. तिचाही हात वर. मी तिला विचारलं, "तुझंही? कधी?"

"गेल्या साली. जाऊबाईचं अन माझं एकाच दिशी."

"भीती नाही वाटली?"

"कसली भीती? दोन पोरं झाली, सासू म्हनली उरकून घे. सकाळी गेलं, चार दिसांनी घरी आलं."

आणि ती हसली. तिच्याबरोबर बाकीच्याही हसल्या. अख्ख्या खोलीत तिघी सोडून एकीलाही गर्भाशय नाही, सासू सांगते उरकून घे, आणि या हसतायत. मी भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना वाटलं पुण्याच्या मॅडमना ऊन लागलं. एकीने लगबगीने पाणी आणलं.

दुपारी अंगणवाडीच्या सेविकेकडे जेवण होतं. शेंगोळे केले होते. आमच्याकडे कुळीथ म्हणजे पिठलं, तेही सर्दी झाल्यावर. इथे त्याला हुलगा म्हणतात, पीठ मळून बोटाएवढे वळे करतात आणि लसूण-तिखटाच्या झणझणीत पाण्यात शिजवतात. एरवी मी दोनदा मागून घेतले असते. त्या दिवशी निम्मे ताटातच राहिले. संगीताताईला म्हटलं, "अहो, सगळ्यांचं ऑपरेशन झालंय."

"हो, मग? आमच्याकडे सगळ्याच करतात," ती भाकरी मोडत म्हणाली. "तुमच्याकडे नाही करत?"

इतकी शिकलेली, समजूतदार बाई, आणि हिलाही त्याचं काही वाटत नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेत शिरीनला फोन लावला. आम्ही दोघी पंधरा वर्षं एका टेबलावर काम करतो. मी पाहिलेलं तिला सांगितलं. ती म्हणाली, "सगळं लिहून ठेव. नावं, वयं, सगळं." मी लिहिलं. ते टिपण आता चार पानांचं झालं होतं.

नेवासा

दुसऱ्या दिवशी नेवाशाला पोचलो तेव्हा प्रवरेवर कोवळं ऊन होतं. संगीताताईने विचारलं, देवळात खांबाचं दर्शन घ्यायचं का. मी परतताना घेऊ म्हणाले. ते राहूनच गेलं.

गावाबाहेर शेतात घरं आहेत, त्यांना वस्ती म्हणतात. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर, मध्ये कांदा. वस्तीवर आम्ही पोचायच्या आधीच एक बाई रस्त्यावर येऊन उभी होती. अंगाने सडपातळ, हात ओले, नुकतीच म्हशीखालून उठलेली. नाव अलका. वय एकेचाळीस, दोन मुलगे, मोठा कॉलेजात. तिने चहा टाकला आणि तो गाळता गाळताच विषय काढला.

"मॅडम, माजी तपासनी परत करायची का? म्या पावसाळ्याच्या आदी नळी दिली हुती. त्येचा कायबी निरोप आला न्हाई. आमच्या आशाताई म्हनल्या, निरोप न्हाई म्हंजी चांगलं."

मी पिशवीतून यादी काढली. तिची नळी सापडली. 'ने' आणि आकडा, पुढे छापलेलं: बाद, गर्भाशय नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला. कालपासून जमून आलेली सगळी कणव त्या हातात होती.

"अलकाताई, तुमचं ऑपरेशन झालंय ना?"

"झालंय की."

"मग तुम्हाला ही तपासणी लागतच नाही. म्हणून निरोप आला नाही."

तिने मान डोलावली. कप पुढे केला. मग म्हणाली, "त्ये बरं झालं. मला आपली धाकधूक. पाळी तर येतीच दर म्हयन्याला, पर आता मदीच बी जातं अंगावरून. लाल. दोन म्हयने झालं."

मी चहाचा घोट घेतला होता. तो घाईने गिळून मी कप खाली ठेवला.

"पाळी येते?"

"येती की. अजून काय वय झालं न्हाई माजं."

"अहो, पण ऑपरेशन झालंय म्हणता ना? पिशवी काढलीय ना?"

आता ती माझ्याकडे बघायला लागली, वेड्याकडे बघावं तशी. "पिशवी? पिशवी कशापायी काढतील? ऑपरेशन झालंय म्हनलं म्या. पोरं बंद व्हायचं. दुसरं कंचं असतं?"

संगीताताई दारात चप्पल काढत होती, ती तशीच थांबली. तिने माझ्या हातातली यादी घेतली, वाचली, आणि तिचा तो माईकसारखा आवाज कुठल्या कुठे गेला. "मॅडम, फॉर्मवरचं 'ऑपरेशन' म्हणजे तुम्ही पिशवीचं धरत होता?"

इथे मला फॉर्मविषयी सांगायला हवं. तो फॉर्म माझा आहे. मूळचा कोणी दुसऱ्याने केलेला, दोन पानी, बोजड. त्यात प्रश्न होता: 'गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का?' तो दोन ओळींत जायचा आणि त्याच्यापायी शेवटच्या चार ओळी दुसऱ्या पानावर. मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. लोकांची पत्रं आली की मी मनातल्या मनात त्यातले शब्द खोडते. मी तो प्रश्न बसवला एका ओळीत: 'ऑपरेशन झाले आहे का? हो / नाही.' सोपा शब्द, खेड्यातल्या बाईला कळेल असा. फॉर्म एका पानात मावला. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही करून घेतलं.

खेड्यातल्या बाईला तो कळलाच. तिच्या जगात नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की ते एकच असतं, कुटुंबनियोजनाचं. बाकी सगळ्या ऑपरेशनांना नाव असतं, पिशवीचं, अपेंडिक्सचं, डोळ्याचं. आशाताई घरोघर प्रश्न वाचून दाखवत होत्या, बायका खरं उत्तर देत होत्या आणि संगणक त्यांना बाद करत होता. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या तोंडून 'पोरीचं ऑपरेशन केलं' हे मी दहा वेळा ऐकलं असेल. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

डॉक्टरांच्या नावाने लिहिलेली चार पानं पिशवीत होती. मी ओसरीतून उठून गोठ्यामागे गेले, शिरीनला फोन लावला आणि तिला अलकाचा आकडा सांगितला. "बादच्या कपाटातून ती नळी काढ. आज लाव. आत्ता."

"त्या बाईला तर गर्भाशय..."

"आहे. सगळ्यांना आहे."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

राहुरी

संगीताताईने त्या दिवशी मला हॉटेलवर जाऊ दिलं नाही, राहुरीला स्वतःच्या घरी नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुळा धरण दाखवायलाही नेलं. पाणी पुष्कळ होतं, एवढंच सांगू शकते. माझं लक्ष फोनवर होतं.

धरणाच्या भिंतीवर बसून मी तिला म्हटलं, "तुम्हाला तरी शंका कशी नाही आली? इतक्या जणींचे निकाल येत नव्हते."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही, पण तिने जे सांगितलं ते त्याहून वाईट होतं. "आली ना. बघितलं, तर ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचेच निकाल येत नाहीत. मग आम्हीच अर्थ लावला, की कुटुंबनियोजन झालेल्या बाईला हा रोग होत नसेल. पुण्याच्या मशीनला कळत असेल. आशाताईंना तसं सांगितलं मी. मीटिंगमध्ये."

"काय सांगितलंत?"

"की ऑपरेशन झालेलीला भीती नाही. उगाच नळ्या वाया घालवू नका."

त्या तीन तालुक्यांत दोन मुलं झालेली जवळजवळ प्रत्येक बाई सुरक्षित आहे, अशी बातमी आम्ही दोघींनी मिळून पसरवली होती. माझ्या एका ओळीतून ती निघाली होती आणि तिच्या आवाजाने घरोघर पोचली होती. संगीताताई रडायला लागली. मला रडूही येईना. मी धरणाच्या कठड्याचा दगड घट्ट धरून बसले होते, एवढं आठवतं.

शिरीनचा फोन दुपारी आला. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"विषाणू आहे. वाईट जातीचा."

"आणि खुणा?"

"त्याही आहेत. मी दोनदा लावून बघितलं."

पेशींवर खुणा उमटल्या होत्या. त्या पावसाळ्याच्या आधीच उमटलेल्या होत्या, आमच्या कपाटात, मी रोज ज्याच्यासमोरून चहाला जात होते त्या कपाटात. जगात कुणाला दिसायच्या आधी दिसणारी खूण माझ्याच प्रयोगशाळेत पडून होती, आणि मी ती वाचली नाही, कारण फॉर्मवरची साधी खूण मी चुकीची वाचली होती.

अलकाला सांगायला मी आणि संगीताताई परत नेवाशाला गेलो. मी वाटेत वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते. वस्तीवर पोचल्यावर त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. मी म्हटलं, "अलकाताई, चूक माझी आहे. प्रश्न मी चुकीचा लिहिला. तुमची नळी तपासायलाच हवी होती. आता तपासली. उद्या नगरला यावं लागेल."

तिने विचारलं, "कॅन्सर हाय?"

"माहीत नाही. बघावं लागेल."

ती कांद्याच्या वाफ्यांकडे वळली. मग म्हणाली, "म्या तर खरंच सांगितलं हुतं, मॅडम."

नगर

चौथ्या दिवशी नगरच्या एका दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून तपासलं. मला आत उभं राहू दिलं. गर्भाशयाच्या तोंडावर औषध लावलं की बिघडलेला भाग पांढरा पडतो. पडद्यावर तो पांढरा डाग मी पाहिला. आयुष्यभर मी हा रोग आलेखातल्या चढत्या रेषेवरून ओळखला होता, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते. डॉक्टरबाई दोन ठिकाणचे तुकडे घेताना एक शब्द बोलल्या नाहीत, त्यावरून मला कळलं.

त्याआधी बाहेर एक गंमत झाली, गंमत म्हणवत नाही तरी तीच. नर्सने अलकाच्या हातात दवाखान्याचा फॉर्म दिला. तिसरा प्रश्न होता: 'यापूर्वी ऑपरेशन झाले आहे का?' अलका पेन हातात धरून थांबली. मग वळून मला म्हणाली, "ताई, ह्ये कंचं इच्यारत्यात? आदी सांगा, मग लिव्हते."

मॅडमची ताई मी त्या वाक्यात झाले. कशामुळे, ते मला अजून कळलेलं नाही.

पुण्यात

परत आल्यावर ते चार पानी टिपण मी फाडलं. बादच्या कपाटातल्या सगळ्या नळ्या बाहेर काढल्या. मी आणि शिरीनने आठवडाभर दुसरं काही केलं नाही. आणखी काहींमध्ये विषाणू निघाला. त्यांतल्या काहींच्या पेशींवर खुणाही निघाल्या. संगीताताई आता त्या एकेका दारात जाते आणि आधी सांगितलेलं परत घेते. एका दारात तिला शिव्याही बसल्या, तिने त्या खाल्ल्या. नव्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे: 'तुमची पिशवी काढली आहे का? (मूल बंद होण्याचे ऑपरेशन वेगळे, ते झाले असले तरी तपासणी करायची.)' फॉर्म दुसऱ्या पानावर जातो. जाऊ दे.

अलकाचा अहवाल आला. रोगाने कॅन्सरची रेषा ओलांडली होती, फार नाही, पण ओलांडली होती. मी डॉक्टरबाईंना फोनवर विचारलं, पावसाळ्याच्या आधी आली असती तर? त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येणार नाही. कदाचित वरवरचा छोटा भाग काढून भागलं असतं." कदाचित या शब्दावर मी किती दिवस काढले ते मलाच माहीत. आता गर्भाशय काढणं भाग होतं. महिन्याभरात ते काढलं. शेजारच्या लसीका-गाठींमध्ये रोग सापडला नाही, पुढचे उपचार लागणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. शिरीन तिच्या खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग मी यादी दुरुस्त करायला बसले. चुकीने बाद झालेल्या प्रत्येक ओळीवर काट मारायची, शेजारी खरी नोंद करायची आणि सही करायची, असं ठरलं होतं. काट मारत मारत मी नेवाशाच्या पानावर आले. अलकाची ओळ आली. बाद: गर्भाशय नाही. पेन टेकवलं आणि थांबले. आता त्या ओळीत चूक काहीच नव्हती.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. टाके सुकले होते, म्हशीला अजून हात लावू देत नाहीत म्हणून ती वैतागली होती. घरची विचारपूस झाली, कांद्याची झाली. ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, आता फॉर्मात कसंबी इच्यारा. माजी दोन्ही ऑपरेशनं झाली. आता न्हाई चुकायचं तुमचं."

ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.